पुरात सगळी झाडं गेली, तरी वुडलंडची ती बाग जुनीच कशी?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही निसटलं असेल तर कळेल. तुम्ही पोर्टलंडला नवे आहात. गेल्या एप्रिलच्या शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून वॉशिंग्टन राज्यातल्या वुडलंड गावी हुल्डा क्लागर लायलॅक गार्डन बघायला गेलात, म्हणजे लायलॅक या सुवासिक फुलांच्या झुडपाचे नवे वाण काढणाऱ्या हुल्डाबाईंचं जुनं घर आणि बाग. बाग आवडली. पण तिथेच कळलं, की १९४८ च्या पुरात तिथलं एकूण एक लायलॅक मेलं होतं आणि आज दिसतात ती सगळी त्यानंतरची झाडं आहेत. तुम्ही विचारता, "मग यात ऐतिहासिक काय? राहिलं ते फक्त घर." मग तुम्ही गावाकडची गोष्ट सांगितलीत. दापोली तालुक्यात पणजोबांनी उभी केलेली वाडी, २०२० च्या निसर्ग वादळात निम्म्याहून जास्त सुपारी आडवी झालेली, जुने आंबे उन्मळलेले. चुलतभाऊ म्हणतात, आता राखण्यासारखं उरलंय काय, जागा विकून टाकू. तुमच्या मनात मात्र घर आणि वाडी लोकांना बघायला खुली करायची आहे. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ आहे, की तिथून आणलेल्या लायलॅकला या वर्षी एकही फूल आलं नाही.

मी या भागात बावीस वर्षं झाडांचंच काम करते. सुरुवातीची वर्षं रोपवाटिकेत कलमं बांधण्यात गेली, नंतर जुन्या शेतघरांभोवतीच्या बागा सांभाळण्याचं काम हाती आलं. वुडलंडच्या बागेत मी नोकरीला नाही, पण दर वसंतात तिथे जाते.

तुमचा खरा प्रश्न "खरं काय उरलं" असा नाहीच, "राखायचं नेमकं काय" असा आहे, असं मला वाटतं. देवळाचा दगड राखायचा म्हणजे तोच दगड राखायचा. बागेला हा हिशेब लागू पडत नाही, कारण बाग मरते. कुठल्याही बागेतलं प्रत्येक झाड आज ना उद्या जाणारच असतं. ऐतिहासिक बागा कशा जपाव्यात यावर १९८१ साली फ्लॉरेन्समध्ये एक सनद तयार झाली. तिच्यात बागेची व्याख्या करतानाच म्हटलंय, की बागेचे घटक मुख्यतः सजीव आहेत, म्हणून ते नाशवंत आहेत आणि म्हणूनच ते पुन्हा नवे करता येतात. सगळं अवघड काम त्या "पुन्हा नवे" शब्दांत दडलेलं आहे. नवं करायचं, पण कशापासून?

इथे वुडलंडची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण बागेतल्या फलकावर ती चार ओळींत आटोपते.

हुल्डाबाई मूळच्या जर्मनीतल्या, माहेरचं आडनाव थील. लहान असतानाच आईबापांबरोबर अमेरिकेत आल्या, आधी विस्कॉन्सिनला आणि १८७७ मध्ये लुइस नदीकाठच्या या सखल, गाळाच्या जमिनीवर. फलकांवर त्या पिढीला "पहिले वसाहतकार" म्हणतात. ती जमीन रिकामी नव्हती, हे सांगायला हवं. लुइस नदीचं खोरं काउलिट्झ या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचं. त्यांनी सरकारशी जमीन सोडण्याचा करार कधी केला नाही, तरी १८६३ मध्ये त्यांचा मुलूख वसाहतीला खुला झाला. जुनं शेतघर जपताना ही आधीची ओळ गाळली, तर बाकीची गोष्ट कितीही जीव ओतून सांगितली तरी अपुरी राहते. मी जिथे जिथे काम करते तिथे हा मुद्दा पहिल्याच बैठकीत काढते.

तर हुल्डाबाई एका शेतकऱ्याची बायको. ल्यूथर बरबँकच्या कामाविषयीचं एक पुस्तक त्यांच्या हाती आलं. बरबँक म्हणजे कॅलिफोर्नियात सँटा रोझाला बसून शेकडो नवे वाण काढणारा माणूस. त्याचंही राहतं घर आणि बाग आज लोकांसाठी खुली आहे. बाईंनी सुरुवात केली सफरचंदापासून. तेव्हाची सफरचंदं लहान, सोलता सोलता हात दुखायचे, म्हणून त्यांनी वुल्फ रिव्हर आणि बिस्मार्क या दोन जातींचा संकर केला, मोठं फळ मिळावं म्हणून. 'ॲपल पाय' हा गोड पदार्थ करायला सफरचंदं सोलणाऱ्या बाईची ही गरज होती, आणि संकराचा धडा त्या स्वयंपाकघरातून शिकल्या. १९०५ च्या सुमारास लायलॅककडे वळल्या आणि १९१० पर्यंत त्यांच्याकडे चौदा नवे वाण होते.

लायलॅक आपल्याकडे होत नाही, त्याला हिवाळ्यात कडक थंडी लागते. पण नात्याने तो आपल्या जाई, जुई, मोगरा आणि पारिजातकाचा भाऊबंद, एकाच कुळातला. चार पाकळ्यांची बारीक फुलं, त्यांचे भरगच्च तुरे, पान बदामाच्या आकाराचं. वास दुरून येतो. बाल्कनच्या डोंगरांतलं हे झुडूप युरोपभर पसरलं, आणि एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या नान्सीला व्हिक्टर लमॉइनने दुहेरी पाकळ्यांचे वाण काढले. त्याची नजर अधू झाली होती, म्हणून एवढ्याशा फुलावर परागकण ठेवण्याचं काम त्याची बायको करायची. एक तुरा हातात घेऊन बघा, म्हणजे त्या कामाला केवढी चिकाटी लागते ते कळेल.

आता मुद्द्याकडे येते. लायलॅकचं बी लावलं की आईसारखं झाड येत नाही. प्रत्येक रोप वेगळं निघतं, बहुतेक सामान्य असतात, एखादंच उठून दिसतं. पहिलं फूल बघायलाच काही वर्षं जातात. हुल्डाबाई असं एखादं रोप निवडायच्या आणि त्याला नाव द्यायच्या. "माय फेव्हरिट", "सिटी ऑफ लाँगव्ह्यू", "सिटी ऑफ कलामा", नवऱ्याच्या नावाचं "फ्रँक क्लागर". त्या क्षणी जगात त्या वाणाचं एकच झाड असतं. वीज पडली, उंदरांनी मुळं कुरतडली, की तो वाण संपला. तो टिकवायचा मार्ग म्हणजे त्याचं कलम करणं, किंवा त्याच्याच मुळातून आलेला फुटवा वेगळा लावणं.

आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. आपण रायवळ आणि कलमी असे दोन शब्द रोज वापरतो. रायवळ कोयीपासून उगवलेला, त्याच्यासारखा दुसरा नाही. हापूस म्हणजे कलम, आणि रत्नागिरीतला हापूस आणि देवगडचा हापूस ही मुळात एकाच जुन्या झाडाच्या काड्यांची पुढे पुढे गेलेली वाट. हापूसचं नवं कलम लावलं तर आपण त्याला "नकली हापूस" म्हणत नाही. खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते मुळांकडचं रोप, दुसरा असतो, पण काडी तीच असते. झाडाचं वय नवं, झाड तेच. इंग्रजीत बोलताना मला हे पटवायला अर्धा तास लागतो. मराठीत "कलम" म्हटलं की काम झालं.

आता या नजरेने १९४८ कडे बघा. त्या वर्षी डोंगरातला बर्फ एकदम वितळला आणि कोलंबिया नदीला महापूर आला. ३० मे रोजी पोर्टलंडलगतचं व्हॅनपोर्ट हे सगळं गावच वाहून गेलं. वुडलंड त्याच पाण्याच्या टापूत येतं. कोलंबिया आठवडेच्या आठवडे चढी राहिली. हिवाळ्यात झुडूप निजलेलं असताना पाणी आलं असतं तर कदाचित काही वाचलंही असतं. पण मेअखेर म्हणजे लायलॅकची पानं पूर्ण भरात, मुळं जोमात, त्यांना हवा हवीच. मुळांभोवती साचलेलं पाणी या झाडाला अजिबात सहन होत नाही, मुळं गुदमरतात आणि कुजतात. मोठे वृक्ष तेवढे तगले. लायलॅक आणि बाकीची झुडपं गेली.

हुल्डाबाईंनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती.

त्या आधी तीसेक वर्षं काय करत होत्या ते इथे महत्त्वाचं ठरतं. १९२० पासून दर वसंतात त्यांनी आपलं अंगण लोकांना खुलं केलं होतं. लोक यायचे, फुलं बघायचे आणि जाताना रोप विकत घेऊन जायचे. त्यामुळे पूर आला तेव्हा त्यांचे वाण त्यांच्या अंगणात मेले, पण दुसऱ्या कितीतरी अंगणांत जिवंत होते. ही बातमी कळली तशी माणसं आपापल्या झाडांचे फुटवे आणि रोपं घेऊन परत आली. दोन वर्षांत, १९५० च्या वसंतात, बाग पुन्हा खुली झाली.

तेव्हा "आज दिसतात ती पुरानंतरची झाडं" हे खरं, पण ती नवी नव्हेत. एका झाडाच्या काड्या तीस वर्षं परगावी राहून घरी आल्या. तुम्ही बघितलं ते "माय फेव्हरिट" तेच आहे, ज्याला बाईंनी एकेकाळी रोपांच्या गर्दीतून निवडलं. जे वाण पुराआधी कुणाच्याच अंगणात गेले नव्हते, त्यांना परत यायला वाटच नव्हती. वाण वाचला तो देऊन टाकल्यामुळे. मला त्या बागेत दरवेळी भरून येतं ते याच जागी.

असंच दुसरं उदाहरण फिलाडेल्फियाला आहे, आणि ते याहून जुनं. जॉन बार्ट्रमने १७२८ मध्ये स्कूलकिल नदीकाठी शेत विकत घेतलं आणि घराभोवती रानोमाळ हिंडून आणलेली झाडं लावली. १७६५ मध्ये त्याला आणि त्याच्या मुलाला, विल्यमला, जॉर्जियात अल्टामाहा नदीच्या काठी एक अनोळखी झाड दिसलं. विल्यमने नंतर त्याचं बी आणून घरच्या बागेत रुजवलं. ते आज फ्रँक्लिनिया म्हणून ओळखलं जातं. १८०३ नंतर ते रानात कुणाला दिसलेलं नाही. जगात आज जितकी फ्रँक्लिनियाची झाडं आहेत ती सगळी त्या एका अंगणाची लेकरं मानली जातात. ते शेत १८९१ मध्ये शहराच्या ताब्यात आलं आणि आज सार्वजनिक बाग आहे. तिथे भिंतींना तडे गेले तर मला वाईट वाटेल, पण फ्रँक्लिनिया वाटली गेली नसती तर झालेलं नुकसान कुठल्याच गवंड्याला भरून काढता आलं नसतं.

आता एक अडचण, जी गोष्ट सांगताना सहसा वगळली जाते. परत आलेलं रोप खरंच त्याच वाणाचं आहे, हे कशावरून? पुष्कळ लायलॅक दुसऱ्याच खुंटावर, बरेचदा प्रिव्हेट या कुंपणाच्या झुडपाच्या खुंटावर, बांधलेले असतात. अशा झाडाच्या बुडातून आलेला फुटवा कुणी भक्तिभावाने आणून दिला, तर तो खुंटाचा असतो, वाणाचा नव्हे. आपल्याकडे हापूसच्या कलमाखालून रायवळ फुटतो तसंच. म्हणून फुलेपर्यंत थांबावं लागतं. कळीचा रंग, उमललेल्या फुलाचा रंग, पाकळी एकेरी की दुहेरी, तुरा उभा की झुकलेला, कोणत्या आठवड्यात फुलतं, हे सगळं जुळवायचं. आणि जुळवायचं कशाशी? कागदाशी, फोटोशी, किंवा त्या माणसाशी, ज्याने ते झाड रोज बघितलंय.

वुडलंडला ते माणूस जिवंत होतं. १९४८ ते १९६० ही बारा वर्षं हुल्डाबाई स्वतः होत्या, परत आलेलं प्रत्येक झाड ओळखू शकणाऱ्या. त्या १९६० मध्ये गेल्या आणि मग जागेची दुर्दशा झाली. घर पाडून जमीन मोकळी करण्यापर्यंत वेळ आली होती. गावातल्या बागप्रेमी मंडळींनी ते थांबवलं, सत्तरच्या दशकात जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत स्थान मिळालं, आणि १९७६ मध्ये हुल्डा क्लागर लायलॅक सोसायटी उभी राहिली. तीच आजही स्वयंसेवकांच्या बळावर बाग चालवते. झाड ओळखणारं माणूस गेल्यानंतर आणि सोसायटी येण्याआधी जो काळ मध्ये गेला, तो माझ्या मते त्या बागेचा सर्वांत धोक्याचा काळ होता, पुरापेक्षाही. पुरात झाडं मेली तरी ओळख शाबूत होती.

हे मी माझ्या हातून झालेल्या चुकीमुळे इतक्या ठामपणे सांगते. पंधराएक वर्षांपूर्वी एका जुन्या शेतघराची बाग साफ करण्याचं काम माझ्याकडे होतं. विहिरीजवळ एक खंगलेलं झुडूप होतं, तीन वर्षांत फुललं नव्हतं, नावाची पाटी नव्हती. मी ते खणून काढलं आणि तिथे निरोगी नवं रोप लावलं. दोन वर्षांनी त्या कुटुंबातल्या एका वृद्ध बाईंनी फोटो दाखवला. त्याच झुडपाशेजारी त्यांची आजी, लग्नाच्या दिवशी. ते झाड आजीने माहेरून आणलेलं होतं. त्याची एक काडीही माझ्याकडे नव्हती. तेव्हापासून मी पाटी नसलेल्या झाडाला हात लावण्याआधी दोन कामं करते. त्याच्या चार काड्या रुजत घालते, आणि गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस शोधते.

तुम्ही लिहिलंय, की त्या बागेत हुल्डाबाईंनी न काढलेले वाणही दिसले आणि ते तुम्हाला खटकलं. हा मतभेदाचा विषय आहे. काही सहकाऱ्यांचं म्हणणं, एक काळ ठरवा आणि बाग हुबेहूब त्या काळात न्या. श्रीमंतांच्या आखीव बागांना ते चालतं, जिथे नकाशे आणि हिशेबाच्या वह्या असतात. वुडलंडला मी तसं करणार नाही. पुराच्या आदल्या वर्षीची बाग हुबेहूब उभी केली तर पूर आणि त्यानंतर परत आलेली रोपं, हे दोन्ही पुसलं जाईल, आणि त्या जागेचा खरा इतिहास तोच आहे. शिवाय बाई आयुष्यभर बाहेरचे वाण आणून त्यांवर काम करत राहिल्या. ती फक्त त्यांच्याच वाणांची बाग कधीच नव्हती. माझी अट एकच: प्रत्येक झाडाला पाटी हवी, वाण कुणाचा आणि इथे कधी लागला ते सांगणारी. बघणाऱ्याला फसवलं जाऊ नये, एवढं पुरे.

आणि ती बाग चालते कशावर, हेही बघून ठेवा. एप्रिलच्या मध्यापासून मे महिन्यातल्या मदर्स डेपर्यंत लायलॅकचे दिवस. तेव्हा घर उघडतात, थोडं प्रवेशशुल्क आणि रोपांची विक्री. तुम्ही घेतलेल्या रोपाचे पैसे बागेला मिळाले हे तर झालंच. पण वाणाची आणखी एक प्रत पोर्टलंडमधल्या एका अंगणात गेली, ते त्याहून मोलाचं आहे. उद्या पुन्हा पाणी आलं तर फोन तुम्हाला येईल.

आता दापोली. इथे मी सांगते त्यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. सातबाऱ्यावर किती नावं आहेत, सगळ्यांची संमती आहे का, घरात बारा महिने कोण राहणार, उन्हाळ्यात विहिरीला पाणी किती टिकतं, हे मला इथून कळत नाही. कुलूपबंद घराभोवती बघण्याची बाग टिकत नाही, एवढं मात्र मी कुठेही बसून सांगेन. गावात राहणारं एक तरी कुटुंब त्यात मनापासून नसेल, तर लोकांसाठी खुली करण्याचा बेत सध्या बाजूला ठेवा. पण विकायचं की ठेवायचं याचा निर्णय काहीही होवो, पुढचं काम या वर्षीच करा.

घरात वाडी ओळखणारं कोण आहे? तुम्ही मोठ्या काकूंचा उल्लेख केलाय, लग्न होऊन आल्यापासून त्या तिथेच आहेत. त्यांना घेऊन वाडीत फिरा, दोन दिवस, घाई न करता. उभ्या झाडांपाशी थांबा, पडलेल्या झाडांच्या खड्ड्यांपाशीही थांबा. कोणतं झाड कुणी लावलं, रोप कुठून आलं, घरात त्याला काय म्हणतात, ते त्यांच्याच शब्दांत फोनवर रेकॉर्ड करा. आपल्याकडे रायवळाच्या प्रत्येक झाडाला नाव असतं, शेप्या, साखऱ्या, खोबऱ्या. ही नावं कुठल्याच कागदावर नसतात. पाटाचं पाणी कुठून कसं फिरायचं, कोणत्या वाफ्याला किती वेळ, तेही विचारा. मग एका मोठ्या कागदावर विहीर, पाट, घर, गडगे आणि झाडं काढा. नकाशा सुबक नसला तरी चालेल. मी काम केलेल्या बागांत अशा हाताने काढलेल्या नकाशांनीच सगळ्यात जास्त मदत केली आहे.

मग झाडांची दोन प्रकारांत विभागणी करा, कारण दोन्हींची काळजी वेगळी. हापूसची कलमं गेली असतील तर हळहळ वाटेल, पण तो वाण सुरक्षित आहे, दापोलीतच विद्यापीठाच्या रोपवाटिकेत तुम्हाला नवं कलम मिळेल. खरी घाई रायवळाची. पणजोबांच्या शेप्याचं जगात एकच झाड आहे, अगदी हुल्डाबाईंनी निवडलेल्या पहिल्या रोपासारखं. ते कलंडलेलं असलं आणि एका बाजूची मुळं जमिनीत असली, तरी काडी मिळू शकते. फार जुन्या झाडावर काडी बारीक आणि मरतुकडी येते, म्हणून जाणत्या माणसाकडून एखादी फांदी आधी छाटून घ्या आणि नव्या फुटीची काडी तयार होऊ द्या. तीनचार महिन्यांची, टोकाचा डोळा फुगलेला, पण न उमललेला, अशी काडी हवी. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास, ताज्या उगवलेल्या कोयींवर कोय कलमं बांधायची. दहा बांधा, निम्मी तरी जगतील अशी आशा ठेवा. आणि ती सगळी स्वतःच्या वाडीत लावू नका. दोन चुलतभावांकडे, एक आत्याकडे, एक गावच्या शाळेत. पुढचं वादळ सगळ्या अंगणांना सारखं झोडपत नाही.

सुपारीचं तसं नाही. तिचं कलम होत नाही, ती बियांनीच पुढे जाते, त्यामुळे "तीच" सुपारी परत आणणं शक्य नाही. तिथे राखायचा तो वंश. वादळातून उभ्या राहिलेल्या पोफळींतली जोमदार, दरवर्षी भरघोस धरणारी झाडं हेरा, त्यांचीच पूर्ण पिकलेली फळं बियाण्याला ठेवा. जी पोफळ त्या वाऱ्यात उभी राहिली तिचं बी मला तरी बाहेरून आणलेल्या बियांपेक्षा जवळचं वाटेल. पीक यायला पाचसहा वर्षं लागतील, हे भावांना आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर तिसऱ्या वर्षी पुन्हा विकण्याचा विषय निघेल.

भावांना काय उत्तर द्यावं असं तुम्ही विचारलंय. घरातल्या वादात मी बोलणं बरोबर नाही. पण "उरलंय काय" याचं उत्तर काकूंच्या रेकॉर्डिंगनंतर आणि नकाशा काढल्यावर तुमच्याकडे असेल, आत्ता ते कुणाकडेच नाही. कदाचित फार थोडं उरलेलं निघेल. तसं निघालं तर पूर्ण वाडीऐवजी घरासमोरचं अंगण, विहीर आणि पाच-सहा झाडं एवढंच राखा. वुडलंडची बागही चार-साडेचार एकरांचीच आहे, आणि लोक दुरून येतात.

आता तुमचं न फुललेलं लायलॅक. तुम्ही लिहिलंय, की जानेवारीत "पानं नसताना सोपं जाईल म्हणून" छाटलंत. तिथेच फुलं गेली. लायलॅक पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच टोकांवर धरून ठेवतो, हिवाळ्यात कात्री लावली की त्या कळ्याच कापल्या जातात. छाटायचं ते फुलं सुकल्याबरोबर, मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला, आणि कोरड्या दिवशी. आपल्या इथल्या ओल्या, गार वसंतात एक जीवाणू कोवळे शेंडे काळे पाडतो. तो पहिल्यांदा लायलॅकवरच सापडला, त्याच्या शास्त्रीय नावातही लायलॅकचं नाव आहे. ओल्यात कापलं की तो जखमेतून आत शिरतो. तसे काळे शेंडे दिसले तर थोडं खालून, निरोगी लाकडापर्यंत कापून कचऱ्यात टाका, खताच्या ढिगात नको. इकडची माती आंबट, लायलॅकला ती आवडत नाही, तेव्हा शरद ऋतूत बुडाभोवती थोडा बागेचा चुना पसरा. जागा उन्हाची आणि पाणी न साचणारी हवी, हे आता तुम्हाला सांगायला नको. पुढच्या हिवाळ्यात हात लावू नका. रोप लहान आहे, एखादं वर्ष आणखी वाट पाहावी लागेल. आणि कुंडीतली प्लास्टिकची पाटी उन्हाने दोन वर्षांत कोरी होते, तेव्हा वाणाचं नाव आजच ॲल्युमिनियमच्या पट्टीवर टोकदार खिळ्याने कोरून फांदीला सैल बांधून टाका.